मागचा डावा स्पीकर

मागचे दोन स्पीकर मी कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात जोडले होते, आणि दसऱ्यापासून जवळजवळ दिवाळीपर्यंत ते तसेच होते. एवढ्या दिवसांत त्यांच्यातून चकार शब्द बाहेर पडला नाही. तरी आमच्या घरी येऊन गेलेल्या प्रत्येकाने त्यांच्या आवाजाचं कौतुक केलं, आणि सगळ्यात जास्त कौतुक मी केलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये तोवर दोनच कॉम्प्युटर आले होते, त्यातला एक आमचा. मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून आणलेला, पण मुलगी शाळेत गेली की मी रजेच्या दिवशी त्याच्यासमोर बसून गाणी ऐकायचो. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की आता चारी बाजूंनी आवाज येणारे स्पीकर निघालेत. दोन पुढे, दोन मागे, आणि टेबलाखाली एक मोठा लाकडी डबा, त्याला वूफर म्हणतात. आपण गाण्याच्या मध्यभागी बसल्यासारखं वाटतं. मी आयुष्यात कशाच्याच मध्यभागी बसलेलो नव्हतो. ऑफिसात माझं टेबल दाराशी होतं आणि लग्नाच्या फोटोतही मी थोडा कडेलाच आलो आहे. त्यामुळे ही कल्पना मला फार आवडली.

चांगल्या कंपनीचा संच परवडणारा नव्हता. दुकानदाराने दुसरा दाखवला, ज्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव तीन बाजूंना तीन प्रकारे लिहिलेलं होतं. त्याबरोबर कॉम्प्युटरच्या आत बसवायचं एक कार्ड, वायरींचं भेंडोळं आणि एक सीडी. ते खोकं मी रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कामाला लागलो.

हा संच म्हणजे सामान कमी आणि जागेचा प्रश्न जास्त. माहितीपत्रकात एक चित्र होतं. मधोमध एक माणूस कोचावर बसलाय, त्याच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत एकेक स्पीकर, सगळे सारख्या अंतरावर. त्या माणसाच्या खोलीत कोच सोडून काहीच नव्हतं. आमच्या हॉलमध्ये दिवाण, शोकेस, शिलाई मशीन, धुणं वाळत घालायची दोरी आणि अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ठाण्याची टेंभी नाक्याजवळची खोली सोडून ते आमच्याकडे आले. सगळी नोकरी कोलशेतच्या एका कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात झाली. तिथली माणसं एकमेकांचं बोलणं ऐकत नाहीत, बघतात, असं ते एकदा म्हणाले होते. मला ती गंमत वाटली होती. मूळचेच कमी बोलणारे. डोंबिवलीला आल्यावर तर त्यांचं बोलणं 'हो', 'बरं' आणि 'छान' यावर आलं होतं. वयाने माणूस शांत होतो असं मी पाहुण्यांना सांगत असे.

पण बिल्डिंगमध्ये त्यांना मोठा मान होता, कारण पंपाची किल्ली त्यांच्याकडे होती. डोंबिवलीत त्या काळी पाणी ही चोवीस तासांची गोष्ट नव्हती. संध्याकाळी म्युनिसिपालिटीचं पाणी खालच्या टाकीत यायचं, मग कुणीतरी खाली जाऊन पंप सुरू करायचा, गच्चीवरची टाकी भरली की बंद करायचा. हे 'कुणीतरी' म्हणजे अण्णा. टाकी भरली की जास्तीचं पाणी एका पाइपातून खाली अंगणात पडायचं. तो पाइप आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला अगदी खेटून खाली जात होता. अण्णा त्या खिडकीच्या कोपऱ्यात आपली घडीची लोखंडी खुर्ची टाकून बसत. पाइपातून पाणी यायला लागलं की उठत, खाली जात, पंप बंद करत. कधी चुकले नाहीत. लहान मुलं त्यांना पाणीवाले आजोबा म्हणायची. मुलीच्या वर्गात 'माझे आजोबा' असा निबंध आला तेव्हा तिने पहिलं वाक्य लिहिलं होतं, की माझे आजोबा सगळ्या बिल्डिंगला पाणी देतात. तो कागद अण्णांनी घडी करून पाकिटात ठेवला होता.

माहितीपत्रकातल्या चित्राप्रमाणे मागचा डावा स्पीकर नेमका त्यांच्या खुर्चीच्या जागी येत होता.

"अण्णा, तुमची खुर्ची जरा शोकेसजवळ घेऊ का?" मी त्यांच्या पुढ्यात उभं राहून विचारलं.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "इथे वारा येतो," ते म्हणाले.

"तिकडे पंखा आहे. उलट जास्त वारा."

"बरं," अण्णा म्हणाले.

बायको पोळ्या लाटत होती. आतूनच म्हणाली, "त्यांची खुर्ची तिथेच असू द्या ना. स्पीकर ठेवा शोकेसवर."

"अगं, मागचे दोन सारख्या अंतरावर लागतात. नाहीतर आवाज वाकडा येतो."

"आवाज वाकडा येतो," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

कोपऱ्यात मी उंच स्टूल ठेवलं, त्यावर स्पीकर. वायर जमिनीवरून नेली तर केर काढताना अडकणार, म्हणून ती खिडकीच्या चौकटीवरून नेली आणि चौकटीत एक खिळा ठोकून त्याला गुंडाळली. त्यामुळे खिडकीचं ते सरकतं तावदान कायमचं बंद झालं. एकच तर तावदान गेलं, दुसरं उघडत होतंच. मला ती तडजोड फार हुशारीची वाटली. मग तोंडात टॉर्च धरून कॉम्प्युटरच्या मागे शिरलो. तिथे सारखी दिसणारी भोकं होती आणि प्रत्येकाजवळ मुंगीएवढी खूण कोरलेली होती. माझ्या चष्म्याचा नंबर तेव्हा बदलायला आला होता. मी अंदाजाने पिना खोचल्या. आवाज आला. कुठून आला याची चौकशी केली नाही.

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली. मॉनिटरला झेंडूचा हार, प्रत्येक स्पीकरला हळदकुंकू, वूफरसमोर नारळ. संध्याकाळी सोनं द्यायला शेजारीपाजारी आले तसा प्रत्येकाला मी संच दाखवला. कार्डाबरोबर आलेल्या सीडीत एक हेलिकॉप्टर होतं. ते पुढून यायचं, उजवीकडून मागे जायचं आणि डोक्यामागून वळसा घालून डावीकडे निघायचं. निदान तसं खोक्यावर लिहिलं होतं.

"आता बघा हं. आता मागे गेलं," मी सांगायचो, आणि दिवाणावर बसलेली सगळी मंडळी माना वळवून मागे बघायची.

"काय क्लिअर येतंय हो," समोरच्या दारातले काका म्हणाले. "माझ्या तर केसांवरून गेलं." काकांना केस नव्हते, पण भावना पोचली.

तळमजल्यावरच्या काकू हात जोडून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फार सुंदर. थोडं लहान करता का?"

"अण्णा, तुम्हाला येतंय ना मागून?" मी विचारलं.

अण्णांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग त्यांनीही मान वळवली, हेलिकॉप्टर जिथे असायला हवं तिथे बघितलं, आणि म्हणाले, "छान."

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाण्याचा घोटाळा सुरू झाला. एका संध्याकाळी पाइपातून पाणी वाहतच राहिलं. अंगण भरलं आणि तळमजल्यावरच्या काकूंची पायपुसणी तरंगत जिन्यापर्यंत आली. त्यांनी खालून हाक मारली तेव्हा मी धावत जाऊन पंप बंद केला. परत येऊन बघतो तर अण्णा शोकेसजवळ खुर्चीवर शांत बसलेले.

"अण्णा, एवढं धो धो पाणी पडतंय. ऐकू येत नाही का?" मी म्हणालो. आपण रोज म्हणतो तसं, वाक्य म्हणून.

"लक्षात आलं नाही," ते म्हणाले.

मग ते दर थोड्या वेळाने उठून खिडकीशी जाऊन उभे राहायला लागले. काचेला कपाळ लावून बाहेर बघायचे. दिवेलागणीच्या अंधारात पाइप नीट दिसायचा नाही. कधी ते फार लवकर खाली जायचे, मग वरच्या मजल्यांवर नळ सुकायचे. कधी फार उशिरा. जिन्यात माणसं हळू आवाजात बोलायला लागली. "वय झालं आता," असं म्हणणाऱ्यांचा राग येण्याऐवजी मला ते पटायला लागलं होतं. आणि मग एके संध्याकाळी पाणी वाहून जाऊन खालची टाकी रिकामी झाली तरी पंप कोरडाच फिरत राहिला, आणि मोटार जळली.

बिल्डिंगने टँकर मागवला. बायका कळशा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. अण्णाही बादली घेऊन खाली गेले. त्यांना रांगेत उभं राहू न देता कुणीतरी आदराने पुढे केलं. ते परत मागे जाऊन उभे राहिले.

सोसायटीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहायचे. सज्जन गृहस्थ. ते चहाला आले आणि चहा संपेपर्यंत क्रिकेटवर बोलले. निघताना दारात मला म्हणाले, "रविवारी संध्याकाळी मीटिंग ठेवलीय. तोवर वाइंडिंग होऊन मोटारही परत येईल. किल्लीचं काय ते ठरवू या. आजोबांना वाईट वाटू नये अशा बेताने करू. त्यांनी खूप केलंय."

अण्णा समोरच बसले होते. सेक्रेटरींच्या ओठांकडे बघत होते. मला तेव्हा वाटलं, म्हातारा माणूस, टक लावून बघतो.

त्या रविवारी सकाळी दिवाळीची साफसफाई निघाली. बायकोने कॉम्प्युटरचं टेबल पुढे ओढलं आणि मागच्या सगळ्या वायरी ताणल्या गेल्या. मी पुन्हा टॉर्च शोधायला लागलो तेव्हा ती आधीच खाली वाकून बघत होती.

"अहो, या भोकाजवळ माइकचं चित्र आहे."

"असेल."

"काळी पिन तुम्ही यात घातलीत. काळी म्हणजे मागच्या स्पीकरची ना?"

मी माहितीपत्रक आणलं. तिचं बरोबर होतं. तिने पिन काढून शेजारच्या भोकात खोचली, पदराने टेबल पुसलं आणि केर काढायला गेली. मी जरा खजील होऊन हेलिकॉप्टर लावलं. आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा ठेवला, कारण एवढे दिवस मागून ऐकू येत नव्हतं म्हणून मी तो वाढवतच गेलो होतो.

हेलिकॉप्टर उजवीकडून मागे गेलं, आणि खरोखरच गेलं. घराची भिंत फोडून आल्यासारखा आवाज झाला. बायकोच्या हातून केरसुणी पडली, आतून मुलगी धावत आली, समोरच्या काकांनी दार उघडून काय झालं विचारलं. मागचा उजवा स्पीकर शोकेसच्या वर होता, आणि शोकेसलगत, त्या स्पीकरपासून हातभर अंतरावर, अण्णा गवार निवडत बसले होते.

त्यांनी एका शेंगेची शीर काढली. ती ताटात ठेवली. दुसरी घेतली.

हेलिकॉप्टर त्यांच्या डोक्यामागून डावीकडे निघून गेलं. आम्ही सगळे थांबलो आहोत हे त्यांना डोळ्याच्या कडेने जाणवलं असावं. त्यांनी मान वर केली. मुलीचा चेहरा बघितला, माझा बघितला, आणि म्हणाले, "छान."

मी आवाज बंद केला. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. मग तिने केरसुणी उचलली.

दुपारभर मी दिवाणावर पडून राहिलो. एकेक गोष्ट आठवत गेली. बेल वाजली तर ते दार उघडत नसत. मी पाठीमागून बोललो तर उत्तर येत नसे, आणि मी ते रागावलेत असं समजून गप्प बसत असे. भजनाला जाणं त्यांनी गुडघ्यांमुळे सोडलं होतं, पण जिने मात्र रोज उतरत होते. सोन्याच्या दिवशी सगळ्या बिल्डिंगने न आलेला आवाज ऐकल्याचं सांगितलं होतं, माझं मन राखायला. अण्णांनीही तेच केलं होतं. फक्त त्यांच्याजवळ दुसरा इलाजच नव्हता.

आणि हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर किल्ली आता द्यायलाच हवी.

चारच्या सुमारास अण्णा माझ्याजवळ आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं मीटिंगला यायचं म्हणून. त्यांनी खिशातून पंपाची किल्ली काढली. तिला कारखान्यातल्या सुताचा एक मळका गोंडा बांधलेला होता. तो गोंडा सोडून त्यांनी खिशात ठेवला आणि नुसती किल्ली माझ्या हातात दिली.

"देऊन टाक," ते म्हणाले.

"तुम्ही चला ना."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी परत, जरा सावकाश म्हणालो. त्यांनी मान हलवली. "मी येऊन काय करू. तू ऐक आणि मला सांग."

मीटिंग अंगणात होती, घरोघरच्या खुर्च्या आणून. सेक्रेटरींनी अण्णांच्या कामाबद्दल चार चांगली वाक्यं बोलून घेतली. कुणी म्हणालं वॉचमनला द्या, कुणी म्हणालं पाळी लावा. मी खिशातली किल्ली मुठीत धरून उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू बोलल्या. पाणी त्यांच्याच दारात शिरलं होतं, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे आदराने वळले.

"मला एक विचारायचंय," त्या मला म्हणाल्या. "आजोबांना बरं नाहीये का?"

"बरे आहेत. का हो?"

"नाही, मी रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावते ना. तेव्हा वर बघितलं की त्यांचा हात दिसायचा. खिडकीतून बाहेर काढलेला, पाइपावर ठेवलेला. डॉक्टर नाडी बघतात तसा. पाणी आलं की हात आत जायचा, आणि मागोमाग आजोबा जिन्यात. आमचं घड्याळ होतं ते. दसऱ्यापासून हात दिसत नाही. म्हटलं आजारी असतील."

मी वर पाहिलं. आमची खिडकी तिथून स्वच्छ दिसत होती. बंद तावदान, चौकटीवरून गेलेली काळी वायर, आणि काचेआड माझा स्पीकर. बरोबर त्या जागी, सारख्या अंतरावर.

मी उभा राहिलो. "त्यांची बसायची जागा मी हलवली होती," मी म्हणालो. "स्पीकरसाठी. ती आज परत देतो. किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या."

"पण जागेचा आणि मोटारीचा काय संबंध?" कुणीतरी मागून विचारलं.

"आहे संबंध," समोरच्या दारातले काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सेक्रेटरींनी वहीत काहीही न लिहिता ती मिटली. "मग पुढचा विषय," ते म्हणाले, "पार्किंग."

मी वर आलो. अण्णा शोकेसजवळ बसले होते, हात मांडीवर. मी त्यांच्यासमोर जाऊन किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी माझा चेहरा नीट बघून घेतला, वरपासून खालपर्यंत, जणू मी काय बोललो ते तिथे लिहिलं असावं. मी काहीच बोललो नव्हतो. मग त्यांनी खिशातून गोंडा काढला आणि किल्लीला बांधायला लागले. गाठ बसायला वेळ लागला.

मी वायर उपटली. माहितीपत्रकातल्या त्या कोचावरच्या माणसाची मनात माफी मागून स्टूल आणि स्पीकर बाहेर काढले, आणि दोन्ही मागचे स्पीकर माळ्यावर टाकले. ते तिथेच राहिले. अण्णा गेल्यावरही मी ते काढले नाहीत. तावदान सरकवलं, लोखंडी खुर्ची कोपऱ्यात नेऊन मांडली. अण्णा आले, बसले. गजांतून उजवा हात बाहेर काढून त्यांनी पाइपावर ठेवला आणि डोळे मिटले. पाइप अजून कोरडाच होता. तरी ते तसेच बसून राहिले.

स्वयंपाकघरात बायको कुकरला शिट्टी लावत होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"ते इथे आल्यापासून. मी त्यांच्याशी पाठमोरी कधी बोलले आहे का, आठवा."

मला आठवेना. मग आठवलं, की ती पोळ्या टाकून, गॅस बारीक करून, बाहेर येऊन, त्यांच्यासमोर उभी राहून विचारायची, अण्णा, चहा ठेवू का. मला वाटायचं, ही फार मान देते.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मग मी तुम्हाला कसं सांगणार?" तिने गॅस लावला. "आणि खुर्ची हलवू नका, असं म्हणाले होते मी. तुम्ही म्हणालात आवाज वाकडा येतो."

खाली मोटार सुरू झाल्याची घरघर आली. अण्णा उतरून पंप लावून परत वर येत होते. जिन्यात त्यांच्या चपला वाजत होत्या.

"इथे काय उभे राहिलात," ती म्हणाली. "चौकटीत तुमचा तो खिळा तसाच आहे. ते बसायच्या आत काढा, हात बाहेर घालताना लागेल त्यांना."